खड्ड्यातली वाफ, फ्लॅटमधला ओव्हन

हवाई बेटांवर मेजवानीसाठी अख्खं डुक्कर जमिनीत पुरून शिजवतात, असं ऐकलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा आग येते: भडकलेली लाकडं, लाल झालेले दगड, धुराचे लोट. नाशिकमधल्या अंबडच्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस मग या पदार्थाचा नाद तिथेच सोडतो. पार्किंगमध्ये खड्डा खणायची परवानगी कोणताच सेक्रेटरी देणार नाही. ही माघार मात्र चुकीच्या समजुतीवर घेतलेली असते. या प्रकारात आगीचं काम फार लवकर संपतं. पुढचे सहा-आठ तास मांस शिजतं ते ओल्या, कोंडलेल्या आणि शंभर अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या उष्णतेवर. अशी उष्णता घरच्या साध्या ओटीजीमध्ये तयार करता येते, आणि खड्ड्यापेक्षा जास्त भरवशाने करता येते. अट एवढीच, की ओव्हनकडून आगीची नक्कल करून घेण्याचा हट्ट सोडावा आणि वाफ कशी टिकेल ते बघावं.

हवाईतल्या या जमिनीखालच्या भट्टीला ‘इमू’ म्हणतात. खड्ड्यात लाकडं रचून त्यांवर दगड ठेवतात आणि आग पेटवतात. लाकडं जळून दगड पुरते तापले की त्यांची पसरट बैठक करतात. तिच्यावर केळीचे खुंट ठेचून अंथरतात, कारण केळीच्या खुंटात पाणी मुबलक असतं. त्यावर ‘टी’ नावाच्या झाडाची आणि केळीची पानं येतात, मग मीठ चोळलेलं डुक्कर, त्याच्या पोटातही तापलेले दगड, वर पुन्हा पानांचा थर, ओली गोणपाटं आणि शेवटी माती. कुठून वाफ सुटताना दिसली की तिथे आणखी माती टाकतात. या साऱ्या खटाटोपाकडे नीट पाहिलं तर एकही पायरी मांसाला ज्वाळा लागावी म्हणून नाही. दगड उष्णता साठवतात, खुंट पाणी पुरवतात, पानं आणि गोणपाटं ती ओल अडवतात, माती झाकणाचं काम करते. दगडही कुठलाही चालत नाही. नदीतला, पाणी मुरलेला गोटा विस्तवात फुटतो, म्हणून सच्छिद्र आणि कोरडा बेसाल्ट निवडून घेतात. बेसाल्टची नाशिकला काय कमतरता, असं कुणी म्हणेल. अंबडहून मुंबई-आग्रा महामार्गाकडे आलं की दिसणारा पांडवलेण्यांचा डोंगर त्याच जातीच्या खडकाचा आहे. पण इथल्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत ठिकठिकाणी झिओलाइटसारखी खनिजं भरलेली असतात. स्फटिक गोळा करणाऱ्यांमध्ये हा परिसर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. झिओलाइटच्या अंगात पाणी असतं आणि तापवल्यावर ते बाहेर पडतं. फार्महाऊसवर खड्डा खणून हौस भागवू पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

ही पद्धत हवाईत रुजली, त्याला एक कारण आहे. हवाईत पोहोचलेल्या पॉलिनेशियन लोकांकडे मातीची भांडी नव्हती. त्यांच्या पश्चिमेकडच्या पूर्वजांना कुंभारकाम येत होतं, पण पूर्वेकडच्या बेटांवर सरकता सरकता ते मागे पडलं. भांडं नसेल तर चुलीवर पाणी ठेवून उकडता येत नाही, मग खड्डाच भांडं होतो. याच्या उलट रायगडची पोपटी पाहावी. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात थंडीच्या अखेरीस, वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा गच्च बोळा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. आत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाला आणि शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात, आणि पाल्याचा उग्र वास सगळ्याला लागतो. भांडं असलेल्या आणि भांडं नसलेल्या, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन प्रदेशांनी एकच युक्ती काढली: उष्णता बाहेरून द्यायची, ओल पाल्यातून घ्यायची आणि दोन्ही कोंडून ठेवायच्या. हुरड्याची आगटी दिसायला या दोन्हींच्या जवळची वाटते, पण तिचं तत्त्व वेगळं आहे. तिथे कणसं निखाऱ्यात खुपसून कोरडी भाजतात, काही मिनिटांत काढतात आणि लगेच चोळतात. खड्डा आणि गोवऱ्या आहेत म्हणून तिला इमूची बहीण मानता येणार नाही. नातं ठरतं ते वाफेवरून.

पोपटी अर्ध्या-पाऊण तासात उतरते आणि इमूला मात्र दिवस जातो. पद्धत एकच असताना वेळेत इतका फरक पडतो, कारण आतला माल वेगळा असतो. कोवळ्या कोंबडीच्या मांसात जोडऊती थोड्या आणि नाजूक असतात. डुकराचा खांदा म्हणजे आयुष्यभर वजन पेललेला अवयव. त्यातले स्नायूंचे धागे कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या आवरणांनी बांधलेले असतात. मांस पन्नास-पंचावन्न अंशांना पोहोचलं की स्नायूंतली प्रथिनं आकसू लागतात. पासष्टच्या पुढे ती इतकी आवळतात की आतला रस पिळून बाहेर येतो. नेमका याच टप्प्यावर तुकडा रबरासारखा लागतो आणि घाईचा माणूस ‘अजून शिजलं नाही’ म्हणत आच वाढवतो. वास्तविक खरं काम इथून पुढे सुरू होणार असतं. साठ-पासष्ट अंशांपासून कोलॅजनची घट्ट वीण उसवू लागते आणि ओल असेल तर त्याचं हळूहळू जिलेटिन होतं. सत्तरला हे काम रेंगाळत चालतं, नव्वदच्या घरात वेग घेतं, पण कोणत्याही तापमानाला त्याला वेळ द्यावाच लागतो. अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामावर असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. भट्टीचा काटा ठरलेल्या तापमानावर आला म्हणून जॉब बाहेर काढत नाहीत, सोकिंगचा वेळ पुरा होऊ देतात. मांसातही तापमान ही एक गोष्ट आणि त्या तापमानाला घालवलेला वेळ ही दुसरी. खांद्याच्या आतलं तापमान नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंत जाऊन तिथे काही काळ टिकलं की धाग्यांमधलं बंधन विरघळलेलं असतं, आणि काट्याने ओढलं तरी मांस रेषारेषांनी सुटतं. धाग्यांनी गमावलेल्या रसाची जागा जिलेटिन आणि वितळलेली चरबी घेतात. म्हणून एरवी ज्या तापमानाला मांस चोथा व्हायचं, तिथेच हे लुसलुशीत लागतं. पाठीचा पुठ्ठा दिसायला देखणा आणि भावाने महाग, पण त्यात कोलॅजनही कमी आणि चरबीही कमी. तो पाच तास ठेवला तर कोरडा ठणठणीत होणार. या पदार्थासाठी पैसे जास्त देऊन वाईट तुकडा घरी आणणं सहज शक्य आहे.

आता ओव्हनकडे येऊ. ओव्हन कोरडा असतो, हा त्याचा मोठा दोष. दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर काही होत नाही, पण कुकरच्या शिट्टीतून निघणारी शंभर अंशांची वाफ हात पोळून काढते. वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा पाणी होते तेव्हा पोटातली सगळी उष्णता तिथे सोडते, कोरड्या हवेला ते जमत नाही. उलट कोरडी हवा मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडवत राहते, आणि उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं, घाम वाळताना अंग गार पडतं त्या न्यायाने. अमेरिकेत मंद आचेवर मोठाले तुकडे भाजणाऱ्यांना एक गोष्ट नेहमी छळते: आतलं तापमान पासष्ट-सत्तरच्या आसपास येऊन तासन्‌तास अडून बसतं. चरबी वितळते आहे, कोलॅजन उष्णता खातं आहे, अशी स्पष्टीकरणं बरीच वर्षं चालली. ग्रेग ब्लॉन्डर या शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं की हा सारा पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाचा परिणाम आहे. तुकडा घट्ट गुंडाळला की अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. हवाईतल्या लोकांनी पानं आणि माती यांनी हाच अडथळा कित्येक शतकं आधी काढून टाकलेला होता. घरच्या ओव्हनला त्यांच्याकडून शिकायचं असेल तर ते हेच, आणि यासाठी केळीचं पान आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल एवढं पुरतं.

दोन किलोचा, चरबी न काढलेला खांदा घ्यावा. हाड असेल तर उत्तम. मीठ वजनाच्या सव्वा ते दीड टक्का, म्हणजे पंचवीस ते तीस ग्रॅम, आणि ते मोजून घ्यावं. जाडं मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याच्या वजनात बराच फरक पडतो, आणि इथे मिठाशिवाय दुसरा मसालाच नसल्याने चूक लपत नाही. मीठ चोळून तुकडा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की ते आतपर्यंत उतरतं आणि शिजताना थोडा रसही धरून ठेवतं. केळीची पानं, शक्य तर अलवार शेकून मऊ केलेली आणि वरून ओली केलेली, दोन थरांत गुंडाळावी. त्यावर फॉइलचे दोन थर घट्ट लावावे आणि पुडा खोल ट्रेमध्ये ठेवावा, कारण रस भरपूर सुटतो. ओव्हन दीडशे अंशांवर असला तरी पुड्याच्या आत ओल आहे तोवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर फारसं जात नाही. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास वसलेल्या नाशकात तो सुमारे अठ्ठ्याण्णव अंश आहे. म्हणूनच या कृतीत दहा-पंधरा अंशांची चूक खपते. हे महत्त्वाचं, कारण घरगुती ओटीजीच्या बटणावरचे आकडे पुष्कळदा फक्त अंदाज असतात. साधारण साडेचार-पाच तास लागतात. दोन बारीकसारीक गोष्टी मात्र घात करू शकतात. एक, छोट्या ओटीजीत वरची कांडी पुड्याच्या फार जवळ येते, तेव्हा फक्त खालची कांडी चालू ठेवावी. दुसरी, बऱ्याच ओटीजींचा टायमर तासा-दीड तासात आपोआप बंद होतो. सतत चालू ठेवायची सोय नसेल तर तो पुन्हा फिरवायचं लक्षात ठेवावं लागतं. विजेच्या खर्चाची भीती अकारण आहे. पंधराशे वॅटचा ओव्हन तापल्यावर थर्मोस्टॅट कांड्या चालू-बंद करत राहतो. पाच तासांपैकी निम्मा वेळ त्या चालू राहिल्या असं धरलं तरी पावणेचार युनिटं होतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो अस्सलपणाचा. मातीचा वास नाही, लाकडाचा धूर नाही, मग याला हवाईचं कसं म्हणायचं? धुराचा मुद्दा मान्य आहे, त्याकडे येतोच. पण ज्याला आपण अस्सल इमू समजतो तोही किती बदलत आला आहे, हे आधी पाहायला हवं. आज तिथे इमूसाठी ज्या लाकडाची वाखाणणी होते ते किआवे, आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलं झाड. हवाईत ते पोहोचलं १८२८ च्या सुमारास, एका फ्रेंच धर्मगुरूने आणलेल्या बियांतून. पॉलिनेशियनांनी होड्यांतून आणलेली डुकरं लहान चणीची होती. १७७८ मध्ये कॅप्टन कुक येऊन गेल्यानंतर युरोपीय जातींची धिप्पाड डुकरं आली आणि संकर झाला. गोणपाट आणि तारेची जाळी तर व्यापाराबरोबर आलेल्या वस्तू. इतकंच नाही, १८१९ पर्यंत हवाईत बायकांना डुकराचं मांस खायलाच बंदी होती आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही असा कडक निर्बंध होता. त्या वर्षी राजा दुसरा कामेहामेहा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि तो निर्बंध मोडला. सगळं कुटुंब एकत्र बसून जेवतं ती आजची मेजवानी त्यानंतरची आहे. लाकूड बदललं, जनावर बदललं, आच्छादन बदललं, खाणारेही बदलले. पान, मीठ, वाफ आणि वेळ एवढं मात्र तसंच राहिलं, आणि यातली एकही गोष्ट अंबडमध्ये दुर्मीळ नाही.

धुराचं म्हणाल तर इमूवर माती पडल्यानंतर आत ज्वाळा उरत नाहीत. निखाऱ्यांचा आणि पानांचा कोंडलेला, मंद धूर तेवढा मुरतो. तो चवीला हवाच. हवाईतच घरी ओव्हन वापरणारे लोक त्यासाठी बाटलीतला द्रवरूप धूर घालतात. लाकडाच्या धुराचा अर्क बाटलीत भरून विकण्याचा धंदा अमेरिकेत १८९५ मध्ये सुरू झाला आणि तो काही बनावट रंग नव्हे, खऱ्या धुराचं थंड करून गाळलेलं पाणी आहे. पण आपल्याला त्याची गरज पडू नये. सोडवलेलं मांस मोठ्या पातेल्यात घेऊन मध्ये वाटीत धगधगता कोळसा ठेवायचा, त्यावर त्याच मांसाची थोडी चरबी सोडायची आणि दहा मिनिटं झाकण घट्ट लावायचं. भरतासाठी आणि डाळीसाठी पुष्कळ घरी ही धुरी देतात. चव हुबेहूब किआवेची येणार नाही. लाकडातल्या लिग्निनच्या विघटनातून जे सुगंधी पदार्थ निघतात ते झाडागणिक बदलतात, आणि कोळशात तर लिग्निन फारसं उरलेलंच नसतं. इथे ओव्हन खरोखर कमी पडतो. पण रेषांनी सुटणाऱ्या मांसाच्या पोताशी धुराचा काही संबंध नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: कुकर असताना हे पाच तासांचं थेर कशाला? कुकरमध्ये दाबाखाली पाणी एकशेवीस अंशांच्या जवळ उकळतं, आणि खांदा पाऊण-एक तासात मऊ होतो. याला ‘ओव्हनमध्ये मांस छान खरपूस होतं’ असं उत्तर देण्याची पद्धत आहे, पण इथे ते लागू नाही. पानात गुंडाळलेलं मांस खरपूस होत नाही, खड्ड्यातलंही होत नाही. कुकरमध्ये पाण्यात न बुडवता, जाळीवर पानाचा पुडा ठेवून शिजवलं तर तो इमूचा बऱ्यापैकी जवळचा नातलग ठरतो, हे कबूल करायला हवं. फरक उरतो तो दोन ठिकाणी. नेहमीच्या पाच लिटरच्या कुकरात दोन किलोचा अख्खा तुकडा मावत नाही, आणि तुकडे केले की कापलेल्या प्रत्येक बाजूने रस गळतो. शिवाय एकशेवीस अंशांना बाहेरचा थर पिठूळ होतो तेव्हा मध्यभाग कसाबसा शिजलेला असतो. त्यातून घाईने वाफ सोडली तर मांसाच्या आतलं पाणी एकदम उकळून उरलासुरला रस बाहेर ढकलतं. रस्सा करायचा असेल तर कुकरच घ्यावा, सुटलेला रस वाया जात नाही. कोरड्या, रेषेदार मांसासाठी ओव्हनला तोड नाही.

तिसरी शंका आरोग्याची, आणि पोर्कच्या बाबतीत ती आपल्याकडे फार खोलवर बसली आहे. डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत जंत होतात, असं सर्रास ऐकू येतं. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. नीट न शिजलेल्या मांसातल्या अळ्या पोटात गेल्या तर आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी येतात ती कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांनी, दूषित पाण्याने, कच्च्या भाजीपाल्यावरून. म्हणूनच आयुष्यात मांसाला शिवलेलं नाही अशा माणसालाही हा आजार होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठी आतलं सुरक्षित तापमान ६३ अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा, असं ठरवलं. आपण नव्वदच्या पुढे जातो, तेव्हा अळ्यांचा प्रश्नच मिटतो. खरा धोका आधी आणि नंतर आहे. गोठवलेला खांदा पूर्ण सुटलेला नसताना ओव्हनमध्ये गेला तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना कोमटच हवं असतं. म्हणून तो फ्रिजमध्येच, दीड-दोन दिवस आधी ठेवून सोडवावा. उरलेला भाग गरम असतानाच सोडवून पसरट भांड्यात पातळ थर करावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावा. उष्णतेला न दबणारे काही जिवाणूंचे बीजाणू मोठ्या गोळ्याच्या सावकाश निवण्याची वाटच पाहत असतात. मध्येच लाइट गेली तर दार उघडून बघण्याचा मोह टाळावा. बंद ओव्हन आणि गुंडाळलेला पुडा बराच वेळ उष्णता धरतात. पण पहिल्याच तासात गेली आणि तास-दोन तास आलीच नाही, तर पुडा उघडून कुकरकडे वळलेलं शहाणपणाचं.

राहिला प्रश्न पोर्क न खाणाऱ्यांचा, आणि नाशकात अशी घरंच अधिक. गोव्यात आणि वसईच्या ईस्ट इंडियन घरांत पोर्कचं सोरपोतेल सणासुदीला रांधलं जातं, अंबडमध्ये पोर्क मुद्दाम शोधून, बहुधा गोठवलेलंच आणावं लागतं. कोलॅजनला मात्र जनावराची जात कळत नाही. बोकडाच्या पुढच्या पायाचा खांदा याच रीतीने, याच मिठात, पानात गुंडाळून ठेवला तर तोही रेषांनी सुटतो. फरक इतकाच, की त्यात आतली चरबी कमी म्हणून पुड्यात दोन चमचे तूप घालावं, आणि दीड किलोच्या तुकड्याला चार तासांनंतर सुरी टोचून पाहावी. दोन्हींत पुड्याच्या तळाशी जमलेला रस फेकू नये. वरची जादा चरबी काढून तो सोडवलेल्या मांसात परत कालवावा, तेव्हाच मीठ सगळीकडे सारखं लागतं. हवाईत घरोघरी याच मांसात जाडसर चिरलेला कोबी परततात. नाशकात कोबी बारा महिने मिळतो, आणि सोबतीला भाताऐवजी गरम बाजरीची भाकरी घेतली तर काही बिघडत नाही.